भारतीय मल्लांचे बलाबल

मार्गशीर्ष महिना सरत आला की नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास लातुरात सिद्धेश्वराची. दोन्ही यात्रांत देवदर्शनाइतकेच लोकांस ज्याचे वेड, तो म्हणजे कुस्त्यांचा फड. हलगी कडाडू लागते, पंच मैदानात उतरतात, आणि आरंभी नारळावर नि किरकोळ इनामावर पोरांच्या जोडी सुटतात. त्या वेळी निम्मे प्रेक्षक अजून बाजारात हिंडत असतात. फड खरा भरतो तो दिवस कलल्यावर, मानाच्या कुस्तीला. आणि ही मानाची कुस्ती धिप्पाड, वजनदार गड्यांची असावी हा जणू अलिखित दंडकच आहे. फेटा, गदा आणि रोख इनाम त्यांच्या वाट्याचे. चपळाईने डाव टाकून जिंकणारा लहान अंगाचा गडी नारळ घेऊन गर्दीत मिसळून जातो.

ह्या हिशेबाशेजारी दुसरा एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ऑलिंपिक सामन्यांत कुस्तीमध्ये भारतास २०२४ अखेर आठ पदके मिळाली. पहिले १९५२ साली खाशाबा जाधव ह्यांनी मिळविले. त्यानंतर सुशील कुमार ह्यांची दोन (२००८ व २०१२), योगेश्वर दत्त ह्यांचे एक (२०१२), साक्षी मलिक ह्यांचे एक (२०१६), रवि दहिया आणि बजरंग पुनिया ह्यांचे टोकियोचे प्रत्येकी एक (२०२१) आणि अमन सेहरावत ह्यांचे एक (२०२४). ह्या आठांपैकी एकही पदक ६६ किलोंहून अधिक वजनाच्या गटातील नाही. म्हणजे ज्या अंगलोटीच्या मल्लास गावचा फड नारळ देऊन वाटेस लावतो, त्याच अंगलोटीच्या मल्लाने जगाच्या फडात देशाची लाज राखली आहे.

भारतीय कुस्तीसंघाचे बळ कशात आहे आणि उणेपणा कोठे, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ह्या विसंगतीत दडलेले आहे. उरलेले निम्मे लातूरच्या एका गुरुपरंपरेच्या इतिहासात सापडते.

भारतीय मल्ल ऑलिंपिक आखाड्यात प्रथम उतरले ते १९२० साली, बेल्जममधील अँटवर्प शहरी. आदल्या वर्षी पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर खेडवळ तरुणांच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटा ह्यांस असे वाटले की, ही माणसे शिकविली तर युरोपियनांच्या तोडीस उतरतील. त्यांच्या पुढाकाराने जो लहानसा संघ युरोपात गेला त्यात धावपटूंबरोबर दोन मल्ल होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. शिंदे ह्यांनी उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. कांस्यपदकाची कुस्ती मात्र हातची गेली आणि ते चौथे राहिले. पदकाने हुलकावणी दिली खरी, परंतु पहिल्याच खेपेस एक भारतीय मल्ल पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला, आणि तोही लहान वजनाच्या गटात.

ह्यानंतरचा मोठा अध्याय सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांचा. १९४८ साली लंडनच्या सामन्यांत ते उतरले तेव्हा गादी त्यांस सर्वस्वी परकी होती. त्यांची सारी मेहनत मातीतली. तरीही ते आपल्या गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीस जावयाचे तर पैशाची ददात. लोकवर्गणी जमली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस नमविले. पुढे जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी दीर्घ झुंज होऊन ते थोडक्यात हरले; आणि श्वास पुरता जाग्यावर येण्यापूर्वीच त्यांस सोव्हिएट मल्लासमोर उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये मल्लास विसावा मिळावा असा नियम असता, त्याची आठवण करून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी आखाड्यापाशी नव्हता, असे सांगतात. खाशाबांचे ते कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

ह्या एका कथेत भारतीय कुस्तीची पुढील सत्तर वर्षांची कुंडली वाचावयास मिळते. अंगातील ताकद, डावावरील हुकमत आणि जिद्द ही मल्लाची स्वतःची. पैसा, गादी, नियमांचे ज्ञान आणि पाठीशी उभा राहणारा जाणता माणूस ही व्यवस्थेने पुरवावयाची सामग्री. पहिल्या बाजूस भारत क्वचितच कमी पडला. दुसऱ्या बाजूस तो वारंवार कमी पडत आला.

आशियाई सामन्यांत काही काळ चित्र उजळ होते. १९६१ साली योकोहामा येथे उदेचंद ह्यांनी जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक मिळविले, तर १९६२ साली जकार्ता येथील आशियाई सामन्यांत मालवा, मारुती माने आणि गणपत आंदळकर ह्या तिघांनी सुवर्णपदके जिंकली. माने आणि आंदळकर हे दोघे सांगली जिल्ह्यातील, भारी वजनाचे मल्ल. १९६७ साली जागतिक स्पर्धा दिल्लीतच भरली, तीत बिशंभर सिंग ह्यांस रौप्यपदक लाभले. पुढे कर्तार सिंग ह्यांनी १९७८ व १९८६ साली आणि सतपाल ह्यांनी १९८२ साली आशियाई सुवर्ण मिळविले. त्यानंतर मात्र आशियाई सामन्यांतील कुस्तीचे पुढचे सुवर्ण पाहावयास २०१४ साल उजाडावे लागले. ऑलिंपिकची कथा तर ह्याहून कष्टी. खाशाबांच्या पदकानंतर दुसरे पदक यावयास छप्पन्न वर्षे लागली.

मधल्या काळात काय घडले? मल्लांचे रक्त पातळ झाले नव्हते, की तालमी ओस पडल्या नव्हत्या. जगाने कुस्तीचा कायदा बदलला आणि भारतीय तालमीने तो वेळेवर वाचला नाही, हे ह्या प्रश्नाचे खरे उत्तर होय. ते समजण्यास माती आणि गादी ह्यांतील फरक नीट पाहिला पाहिजे.

मातीवरील कुस्तीचा कायदा एका वाक्यात सांगता येतो. जो चीत झाला तो हरला. दोन्ही खांदे मातीला टेकले, आकाश दिसले, की निकाल लागला. गडी गुडघ्यावर आला, पोटावर पडला, प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीवर स्वार झाला, तरी त्याचे काही बिघडत नाही. तो मातीस घट्ट बिलगून राहतो, दम घेतो आणि संधीची वाट पाहतो. कुस्ती अर्धा तास चालली तरी प्रेक्षक कुरकुरत नाहीत. वाट पाहणे हा तेथे एक डावच आहे.

गादीवर ह्याच्या उलट. तेथे सहा मिनिटांची कुस्ती, तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत वाटलेली, मध्ये अर्ध्या मिनिटाचा विसावा. प्रतिस्पर्ध्यास खाली आणून त्याच्या पाठीमागे ताबा घेतला की दोन गुण. त्याची पाठ क्षणभर जरी गादीकडे वळली तरी दोन गुण. मोठ्या फेकीस चार किंवा पाच. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल गेले तर समोरच्यास एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. चीत केल्यास निकाल तत्काळ लागतो, ही एवढी जुनी गोष्ट तेवढी शिल्लक आहे. आणि जो मल्ल नुसता वाट पाहत राहील त्यास पंच ताकीद देतात. पुढील तीस सेकंदांत त्याने गुण घेतला नाही तर तो गुण प्रतिस्पर्ध्यास मिळतो. मातीत जी गोष्ट धोरण म्हणून वाखाणली जाते, गादीवर तिचा दंड भरावा लागतो.

आता भारतीय मल्लांचे गुण पाहू. माती अंगाला ओढून धरते. तेल, ताक, हळद घालून मळलेल्या हौद्याच्या मातीत पाय रुततात. तेथे एक पाऊल टाकावयास जो जोर लागतो तो गादीवर लागत नाही. वर्षानुवर्षे हौदा खणणे, जोर, बैठका, दोरावर चढणे ह्या मेहनतीने मान, मनगट आणि कंबर ह्यांस जी बळकटी येते तिला तोड नाही. ह्या मेहनतीचे फळ कुस्तीच्या उत्तरार्धात दिसते. रिओ येथे २०१६ साली साक्षी मलिक ह्या कांस्यपदकाच्या कुस्तीत शून्याविरुद्ध पाच अशा मागे होत्या. शेवटच्या मिनिटांत त्यांनी ती कुस्ती आठ विरुद्ध पाच अशी फिरविली. लंडन येथे २०१२ साली योगेश्वर दत्त ह्यांस पहिल्या पराभवानंतर पदकासाठी अल्पावधीत लागोपाठ तीन कुस्त्या खेळाव्या लागल्या, आणि त्या तिन्ही त्यांनी जिंकल्या.

दुसरा गुण त्याहून मोलाचा. मातीने भारतीय मल्लास चीत करण्याची भूक दिली आहे. टोकियोच्या उपांत्य कुस्तीत रवि दहिया हे कझाकस्तानच्या नुरिस्लाम सनायेव ह्याच्याविरुद्ध दोन विरुद्ध नऊ असे मागे पडले होते. आणखी एक गुण गेला असता तर कुस्ती संपण्याच्या बेतात आली असती. गुणांचे गणित करणाऱ्याने तेथे आशा सोडली असती. परंतु रवि ह्यांनी प्रतिस्पर्ध्यास मिठीत घेऊन त्याचे खांदे गादीस टेकविले आणि नऊ गुणांचा तो डोंगर एका क्षणात व्यर्थ केला. जुन्या वस्तादांनी ज्या एका गोष्टीसाठी उभा जन्म घालविला, ती गोष्ट नव्या कायद्यातही निकामी झालेली नाही, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

दोषही ह्याच मातीतून उगवले आहेत. पहिल्या दीड-दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याचा अंदाज घेण्याची मातीची सवय गादीवर महागात पडते. पॅरिस येथे २०२४ साली जपानच्या रेई हिगुची ह्याने अमन सेहरावत ह्यांस उपांत्य कुस्तीत शून्याविरुद्ध दहा असे पहिल्याच भागात हरविले. दुसऱ्या दिवशी अमन ह्यांनी कांस्यपदक खेचून आणले हा त्यांचा मोठेपणा. परंतु जपानी चपळाईपुढे भारतीय पवित्रा किती उशिरा जागा होतो, हेही त्या कुस्तीने दाखविले. दुसरा दोष पायांच्या बचावाचा. बजरंग पुनिया ह्यांच्यासारखा जगज्जेत्यांच्या पंक्तीत बसणारा मल्लदेखील ह्या एका बाबतीत कच्चा राहिला. तिसरा दोष खाली पडल्यानंतरचा. पोटावर पडून राहिलेल्या मल्लाचे दोन्ही पाय आवळून त्यास लोळविले की प्रत्येक लोळणीस दोन-दोन गुण मिळत जातात. हिंदीभाषक मल्ल ह्या डावास फितले म्हणतात. कित्येक वर्षे भारतीय मल्ल ह्याच डावाने हरत होते. पुढे योगेश्वर दत्त ह्यांनी तोच आत्मसात केला आणि लंडनचे पदक त्याच शस्त्राने जिंकले. दोष हा शिकण्याने गुण होतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावयास नको.

चौथा दोष एका संपूर्ण प्रकाराचा आहे. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावण्यास मनाई असते. पट काढणे, टांग मारणे हे भारतीय मल्लाचे अंगवळणी पडलेले डाव तेथे बाद. ऑलिंपिकमध्ये ह्या प्रकाराची निम्मी पुरुष-पदके असतात आणि भारतास त्यांपैकी एकही आजवर मिळालेले नाही. जकार्ताचे आंदळकरांचे सुवर्ण ह्याच प्रकारातले होते, ही आठवण म्हणूनच अधिक बोचते.

येथवरच्या गुणदोषांचा उगम तालमीत आहे. परंतु एकाच तालमीच्या संस्कारातून आलेले दोन प्रांत जेव्हा भिन्न फळे दाखवितात, तेव्हा कारण तालमीबाहेर शोधावे लागते. येथे लातूरची कथा उपयोगी पडते.

लातूर आणि नांदेड हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. कोल्हापुरास शाहू महाराजांसारखा मल्लविद्येचा आश्रयदाता लाभला, १९१२ साली खासबागेसारखे मैदान बांधून मिळाले, तसे भाग्य मराठवाड्याच्या वाट्यास आले नाही. येथे कुस्ती जगली ती गावकीच्या वर्गणीवर, यात्रांच्या फडांवर आणि एखाद्या हौशी शेतकऱ्याच्या दुभत्यावर. असे असूनही महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली भरली ती मराठवाड्यातच, त्या वेळच्या औरंगाबाद शहरी. आणि १९६९ साली ती लातुरास आली तेव्हा गदा उचलली ती लातूर जिल्ह्यातीलच हरिश्चंद्र बिराजदार ह्यांनी. आपल्या मुलखाच्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर मिळालेला तो मान होता.

बिराजदारांस घडण्यासाठी मात्र गाव सोडून कोल्हापुरास जावे लागले होते. पुढे त्यांचे नाव देशभर झाले. दिल्लीच्या सतपाल ह्यांच्याशी बेळगावी झालेली त्यांची कुस्ती आणि तीत त्यांनी मिळविलेला विजय जुन्या शौकिनांच्या तोंडी अजून आहे. उत्तरायुष्यात ह्या दोघांही मल्लांनी शिष्य घडविण्याचे व्रत घेतले. बेळगावच्या फडात समोरासमोर उभे राहिलेले दोन गडी, दोघेही वस्ताद झालेले. येथून पुढे त्यांच्या वाटा कशा फुटल्या हे पाहण्याजोगे आहे.

सतपाल ह्यांच्या हाती दिल्लीचे छत्रसाल क्रीडागृह आले. तेथे सरकारी छत्र होते, गाद्या होत्या, मुलांच्या राहण्याजेवणाची सोय होती. लहान वयातच मुलगा तेथे येई आणि मातीबरोबर गादीही त्याच्या पायाखाली असे. शेजारी हरियाणात खेळाडूस पोलीस खात्यात, रेल्वेत नोकरी मिळण्याची वाट रुळलेली होती; पुढे पदकामागे मोठी बक्षिसेही जाहीर होऊ लागली. त्यामुळे शेतकरी आपला मुलगा निर्धास्तपणे आखाड्यात धाडू लागला. २००८ नंतर ऑलिंपिक पदक मिळविणारा प्रत्येक भारतीय पुरुष मल्ल, सुशील कुमार ह्यांच्यापासून अमन सेहरावत ह्यांच्यापर्यंत, ह्याच छत्रसालच्या आखाड्यातून गेलेला आहे.

बिराजदारांच्या हाती पुण्याची गोकुळ वस्ताद तालीम होती. पेठेतील एक जुनी तालीम. तेथे त्यांनी मुलांस पदरात घेतले, शिकविले, वेळी पदरचे खाऊ घातले. त्यांचे शिष्य काका पवार हेही लातूरचेच. ते अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि पुढे पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल चालवू लागले. बिराजदारांचे आणि नंतर काका पवारांचे शिष्य म्हणजे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे. २०११ साली बिराजदार निवर्तले. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल सामन्यांत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक राहुल ह्यांनी जिंकले आणि ते दिवंगत गुरूंस अर्पण केले. २०१९ साली कझाकस्तानात जागतिक स्पर्धेत भारतीय संघाने पाच पदके मिळविली, तोवरची सर्वोत्तम कामगिरी. त्या पाचांत एक कांस्यपदक राहुल आवारे ह्यांचे होते.

लातूर आणि पाटोदा अशी ही मराठवाड्यातील माणसांची साखळी. परंतु तिची प्रत्येक कडी घडली ती मराठवाड्याबाहेर. गुरू कोल्हापुरास गेला, शिष्य पुण्यास गेला, नातशिष्यही पुण्यासच गेला. गावात राहून कोणासही जगाच्या आखाड्यापर्यंत पोहोचता आले नाही. शिवाय राहुल ह्यांचे जागतिक पदक ६१ किलो गटातील. हा गट जागतिक स्पर्धेत असतो, ऑलिंपिकमध्ये नसतो. तेथे ५७ नंतर एकदम ६५ चा गट. टोकियोस ५७ किलोंत रवि दहिया गेले व रौप्यपदक घेऊन आले. एका देशात एका वजनाचे दोन जागतिक दर्जाचे मल्ल असणे हे संघाचे बळ होय; पण त्यांपैकी एकास घरी बसावे लागणे ही त्या मल्लाची नियती.

संघाच्या उणेपणाचा आणखी एक भाग आखाड्याबाहेर आहे, आणि तो टाळून हा विषय पुरा होत नाही. पॅरिस येथे विनेश फोगट ह्यांनी तोवर आंतरराष्ट्रीय आखाड्यात अजिंक्य असलेल्या जपानच्या युई सुसाकी हिला पहिल्याच कुस्तीत हरविले, अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम अधिक भरल्याने त्या स्पर्धेतून बाद झाल्या. त्याच सामन्यांत अमन ह्यांचे वजन उपांत्य कुस्तीनंतर चार किलोंहून अधिक वाढले होते. ते एका रात्रीत जागून उतरविण्यात आले. एकीकडे जमले, दुसरीकडे शंभर ग्रॅमने घात केला. वजन राखणे हे आता शास्त्र झाले आहे. ते आदल्या रात्रीच्या धावपळीवर सोडता येत नाही.

त्याआधी २०२३ साली तर देशातील अग्रगण्य मल्ल सरावाचा आखाडा सोडून दिल्लीच्या रस्त्यावर बसले होते. राष्ट्रीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध महिला मल्लांच्या छळाच्या तक्रारी होत्या. महासंघाच्या निवडणुका वेळेवर न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने त्याचे सदस्यत्व स्थगित केले आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत भारतीय मल्लांस आपल्या राष्ट्रध्वजाविना उतरावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही स्थगिती उठली. हेलसिंकीत खाशाबांच्या पाठीशी उभा राहणारा अधिकारी नव्हता. एकाहत्तर वर्षांनी अधिकारी पुष्कळ होते, तरी मल्ल एकटाच होता.

महिला मल्लांची गोष्ट ह्या इतिहासात स्वतंत्र विचार करावयास लावणारी आहे. यात्रेच्या फडात मुलींस पिढ्यान् पिढ्या जागा नव्हती. हौद्यात त्यांनी पाऊल ठेवू नये असाच संकेत. त्यामुळे ज्या मुली कुस्तीत आल्या त्या बहुतेक थेट गादीवर आल्या, आणि मातीच्या सवयी मोडण्याचे कष्ट त्यांस पडले नाहीत. साक्षी मलिक आणि विनेश फोगट ह्यांच्या यशात ह्याचा वाटा असला पाहिजे. महाराष्ट्राने महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम भरविली ती २०२३ साली, सांगलीस. पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी. गादी लवकर मिळाली की काय साधते, ह्याचा दाखला घरातच असता तो इतक्या उशिरा ओळखला गेला.

ह्या साऱ्याचा मथितार्थ काढावयाचा तर माती टाकून द्यावी असा निघत नाही. मातीने दिलेला दम, मातीने दिलेली चीत करण्याची भूक, हे भारतीय मल्लाचे भांडवल आहे. ते गमावून जपानी किंवा रशियन मल्लाची नक्कल केल्याने हाती काही लागणार नाही. सुधारावयाची गोष्ट निराळी आहे. मुलगा दहा-बारा वर्षांचा असता मातीइतकीच गादी त्याच्या पायाखाली आली पाहिजे; वीस वर्षांचा होऊन पुण्याकोल्हापुरास गेल्यावर नव्हे. वजनदार गड्याच्या गदेइतका मान ५७ किलोंच्या गड्यास मिळाला पाहिजे. महाराष्ट्र केसरीची गदा ८६ किलोंवरील मल्लांसाठी राखलेली आहे. हलक्या गटांच्या विजेत्यांस पदके मिळतात, पण वृत्तपत्रांतील छायाचित्र आणि हत्तीवरील मिरवणूक गदेच्या धन्याची. ज्या वजनात देशाला आजवर पदके मिळाली, त्या वजनाच्या मुलास आपल्या जिल्ह्यात आपले नाव कोणी घेईल अशी आशा नसेल, तर तो एक तर अंग वाढवून जड होईल किंवा कुस्ती सोडून देईल. दोन्हींत नुकसान देशाचे.

मराठवाड्यात ह्या प्रश्नास आणखी एक कडा आहे, ती पावसाची. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. म्हणजे पर्यायाने गोठा, चारा आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या वर्षी माणसांच्या पिण्याचे पाणी रुळांवरून येते, त्या वर्षी दावणीची म्हैस बाजारात जाते आणि मल्लाचे दूध आटते. अवर्षणाच्या मुलखात मल्ल घडविणे ही एकट्या बापाच्या ऐपतीची गोष्ट राहत नाही. दिल्लीच्या आखाड्यास जे छत्र लाभले, मुलाच्या जेवणाची जी हमी मिळाली, ती येथे तर अधिकच हवी.

बेळगावच्या फडात लातूरच्या गड्याने दिल्लीच्या गड्यास आकाश दाखविले होते. ताकदीत आणि डावात मराठवाडा कोठेही कमी नव्हता, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यानंतरच्या काळात जे अंतर पडले ते मल्लांनी पाडलेले नाही. ते गाद्यांच्या, खुराकाच्या आणि वेळेवर मिळालेल्या आधाराच्या हिशेबात पडले आहे. सामग्रीने पडलेले अंतर सामग्रीने भरून काढता येते. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून आज जी मुले भल्या पहाटे हौदा खणीत आहेत, त्यांच्या हाती त्यांचा भाग आहे आणि तो ती बजावीत आहेत. उरलेला भाग इतरांचा आहे.